जुन्या मोटारीचें निदान

मोटार जुनी झाली कीं तिची अवस्था घरांतील वृद्ध माणसासारखी होते. तिच्या प्रत्येक कुरकुरीस 'आतां वय झालें' एवढेंच उत्तर मिळूं लागतें आणि खरा रोग तपासावयाचा राहून जातो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३च्या ऑक्टोबर महिन्यांत कायमची निघून गेली. तथापि कित्येक कुटुंबांत ती अद्याप जिव्हाळ्यानें सांभाळलेली आढळते. अशा गाडीचें इंजिन चालतें, गिअरही पडतो, परंतु गाडी जागची हलत नाहीं, असें झाल्यास घरच्या घरीं कोठवर निदान करतां येईल, याचा आज विचार करूं.

रोग शोधावयाचा तर आधीं शरीराची रचना ठाऊक हवी. पद्मिनीचें १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन पुढें असतें आणि गाडीस गति देणारीं चाकें मागें असतात. इंजिनाची शक्ति प्रथम क्लचमधून गिअरबॉक्समध्यें जाते. तेथून प्रोपेलर शाफ्ट नांवाचा लांब फिरता दांडा ती मागील डिफरन्शियलपर्यंत नेतो. आणि डिफरन्शियलमधून उजवा व डावा असे दोन अॅक्सल ती चाकांस पोंचवितात. ही एक सांखळी आहे. तिची कोणती कडी तुटली तें कांहींही न उघडतां ठरवावयाचें आहे. आमच्या नैयायिकांनीं कारणाचा निर्णय करण्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक यांची जोडी सांगितली: कारण असतां कार्य असतें, कारण नसतां कार्य नसतें. येथें तीच उपयोगी पडते.

सर्वांत निर्धोक परीक्षा इंजिन बंद ठेवूनच होते. गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांस पुढून-मागून दगड लावावे, आणि बाजूनें हात घालून प्रोपेलर शाफ्टवर खडूची एक ठळक रेघ ओढावी. मग एकानें आंत बसून पाय ब्रेकवर तयार ठेवावा, गाडी पहिल्या गिअरमध्यें घालून हँडब्रेक सोडावा, दगड काढावे, आणि दोघांनीं गाडी हळूहळू ढकलावी. चौथ्यानें बाजूला उकिडवें बसून रेघेकडे पाहावें. गाडीखालीं कोणीही शिरूं नये.

गाडी हटून बसली व ढकलतां येईना, तर सांखळी अखंड आहे. दोष असलाच तर तो भार पडल्यावर घसरणाऱ्या क्लचमध्यें असण्याचा संभव अधिक. गाडी सहज सरकली आणि रेघही फिरली, तर चाकांपासून शाफ्टपर्यंतचा भाग निर्दोष असून बिघाड पुढें, म्हणजे गिअरबॉक्समध्यें किंवा क्लचमध्यें आहे. गाडी सरकली परंतु रेघ जागींच राहिली, तर दोष मागें, डिफरन्शियलमध्यें किंवा अॅक्सलमध्यें समजावा.

एकच अॅक्सल तुटला तर दुसरें चाक गाडी कां ओढीत नाहीं, अशी शंका येथें सहज निघते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून दोन्हीं चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देणें हें डिफरन्शियलचें काम. एका बाजूचा विरोधच नाहींसा झाला कीं सारी गति त्याच बाजूस वाहून जाते, आणि धडधाकट अॅक्सलास कांहीं मिळत नाहीं.

आमच्या परिचयांतील एका चौघां भावांच्या घरीं असाच प्रसंग आला. एका दुरुस्ती करणाऱ्यानें गाडी न तपासतांच 'गिअरबॉक्स गेला' असें सांगितलें, खर्चाचा आंकडा ऐकून वडील मंडळींनीं गाडी भंगारांत देण्याचें ठरविलें. तीच गाडी घरांतील आजींस नियमितपणें रुग्णालयांत नेत असे. शाळेंत शिकणाऱ्या नातीनें वरील परीक्षेचा आग्रह धरला. गाडी सरकली, रेघ हलली नाहीं. दुसऱ्या कारखान्यांत 'मागचा भाग आधीं पाहा' असें सांगितल्यावर उजवा अॅक्सल तुटलेला निघाला. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाहीं.

गाडी चालत असून केवळ आवाज करीत असेल, तर कानानें पुष्कळ समजतें. न्यूट्रलमध्यें इंजिन चालू असतां येणारी घरघर क्लच दाबतांच थांबली, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे संशय जातो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचें रिलीझ बेअरिंग झिजलें असावें. गति घेतांना व सोडतांना 'खट्ट' असा ठोका बसला, तर शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉस तपासावेत. चढावर इंजिन ओरडतें परंतु वेग वाढत नाहीं आणि जळका वास येतो, हें क्लच घसरण्याचें लक्षण होय. मात्र क्लचच्या पेडलास थोडी मोकळी चाल उरली आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, कारण कधीं कधीं ती नीट बसविल्यानेंच काम भागतें. ज्यांची गाडी मारुती ८०० सारखी पुढील चाकांनीं ओढली जाणारी आहे, त्यांत हा लांब शाफ्ट नसतो. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर होणारी कटकट तेथें पुढील अॅक्सलाच्या सांध्याची झीज सुचविते.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. उतारावर गाडी गिअरमध्यें घालून निश्चिंत होण्याची संवय पुष्कळांस असते. गिअर गाडीस धरून ठेवतो तो याच सांखळीच्या द्वारें. सांखळी तुटली असतां गिअरचा कांहींएक आधार उरत नाहीं, आणि उभी गाडी अंगणांत खेळणाऱ्या मुलांवर जाऊं शकते. म्हणून इंजिन चालतें व गाडी हलत नाहीं असें दिसतांच पहिलें काम चाकांस दगड लावण्याचें. तसेंच अॅक्सल तुटल्याचा संशय असतां गाडी दोरानें ओढून नेऊं नये; कांहीं गाड्यांत तुटक्या अॅक्सलासह चाकच बाहेर निघून येतें. ती उचलून नेण्याची व्यवस्था करावी.

उघडण्याचें व बसविण्याचें काम जाणत्या कारागिरासच द्यावें. तें घरीं करण्याचा हट्ट नको. परंतु त्याच्या दारीं जातांना 'गाडी बंद पडली' असें न म्हणतां 'शाफ्ट फिरत नाहीं, गाडी सरकते' असें सांगावें. चांगल्या कारागिराचें काम त्यानें सोपें होतें, आणि अंदाजानें भाग बदलणाऱ्यास तसें करणें अवघड जातें.