तारखा वेगळेच सांगतात



‘सीमेपलीकडे घुसून मारले की दहशतवाद थांबतो’ हे आपल्या वृत्तपत्रातल्या लेखकाचे मत तारखांपुढे टिकत नाही. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर मोठा हल्ला झाला नाही, असे ते लिहितात. मग १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, ते काय होते? पाठोपाठ बालाकोटवर हवाई हल्ला झाला. तरी २२ एप्रिल २०२५ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेलेच.

श्रीलंकेत फौज धाडली होती, त्याचा तर लेखात उल्लेखही नाही. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले. बेळगावच्या छावणीत घडलेले मराठा लाईट इन्फंट्रीचे जवानही त्या मोहिमेत होते. फौज परतली आणि २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला तिच्याशी लढलेल्या एलटीटीईने राजीव गांधींचा जीव घेतला.

प्रत्युत्तराने तळ उद्ध्वस्त होतात, एवढे मान्य. पण मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यातला कसाब जिवंत हाती लागला तो गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत, तुकाराम ओंबळे यांनी प्राण दिले म्हणून. आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यातली गावोगावची पोरे फौजेत आहेत. त्यांना सीमेपार धाडा म्हणणाऱ्यांनी आधी गस्त, खबरे आणि किनाऱ्यावरचा बंदोबस्त यांचा हिशेब सरकारकडे मागावा.

– एक वाचक, निपाणी