मजबुती म्हणजे सर्वस्व नव्हे!

परवा मेसमध्ये आमच्या सिव्हिलवाल्या रूम पार्टनरने टोमणा मारला, "तुम्हा बायोटेकवाल्यांचं कसलं रे इंजिनिअरिंग? ना स्टील, ना सिमेंट!" तेव्हा तोंडात पोळी होती, म्हणून उत्तर इथे देतोय.

मित्रांनो, आमचं मटेरियल म्हणजे प्रोटीन. अमिनो आम्लांची ही माळ; तिची नीट घडी बसली तरच बहुतेक प्रोटीन्स काम करतात. आणि ही घडी टिकते कशावर? साधारण ५ ते १५ किलोकॅलरी प्रति मोल एवढ्याशा ऊर्जेवर! जरा तापवलं की घडी विस्कटते. उकडलेलं अंडं हा त्याचा रोजचा पुरावा.

ही स्थिरता मोजायची जुनी रीत अशी, की प्रोटीन शुद्ध करायचं, परीक्षानळीत तापवायचं किंवा त्यात युरिया घालायचा आणि घडी कधी उलगडते ते बघायचं. पण क्यूब टेस्ट लॅबमध्ये पास झाली, साइटचं काय? प्रोटीनची साइट म्हणजे जिवंत पेशी. तिथे सैल पडलेलं प्रोटीन कातरून टाकणारी एन्झाइम्स टपूनच बसलेली असतात.

२००९ साली मिशिगन विद्यापीठाचे जेम्स बार्डवेल, लीड्सच्या शीना रॅडफर्ड आणि सहकाऱ्यांनी झकास युक्ती प्रसिद्ध केली. पेनिसिलिन निकामी करणारं जिवाणूचं एन्झाइम मधोमध तोडून त्यात तपासायचं प्रोटीन बसवलं. त्याची घडी टिकली तर एन्झाइमचे दोन्ही तुकडे जुळतात आणि जिवाणू औषधातही तगतो. घडी उलगडली तर जिवाणूचा खेळ खलास! मग प्रोटीनमध्ये बदल करायचे, औषधाचा डोस वाढवायचा आणि वाचलेले जिवाणू निवडायचे. मोजणी आणि सुधारणा एकाच प्लेटवर! निवडलेले बहुतेक नमुने परीक्षानळीतही जास्त स्थिर निघाले. म्हणजे लॅबची टेस्टही अगदीच वाया नव्हती.

खरी गंमत पुढेच आहे. त्यांनी तपासलेलं आयएम-७ हे प्रोटीन जिवाणूला त्याच्याच विषापासून, म्हणजे कोलिसिन ई-७ पासून वाचवतं. मजबुती वाढवणारे बदल मुख्यत्वे कुठे सापडले? हे प्रोटीन विषाला जिथे धरतं, नेमक्या त्याच जागी! म्हणजे निसर्गाने तिथे मजबुती कमी ठेवली, ती कामासाठी. घाईघाईने ती 'दुरुस्ती' केली, तर प्रोटीन टणक होईल, पण विषाला धरणार कोण?

माझं म्हणणं एवढंच. प्रॅक्टिकलला आपण 'मॅक्झिमम स्ट्रेंग्थ' काढतो, जर्नलवर सही घेतो आणि मोकळे होतो. ती कशासाठी हवी, हे कोणी विचारतच नाही. आधी काम कोणतं ते विचारावं, मग ताकद मोजावी, आणि तीही जमेल तेवढी प्रत्यक्ष कामाच्या जागी. हे इंजिनिअरिंग नाही, तर दुसरं काय?

असो. पार्टनर, आता मेसमध्ये भेटू. पोळी तू खा, मी बोलतो!