कोरी वही

नातीने हाताने बांधलेली वही भेट दिली. हातकागदाच्या घड्या दोऱ्याने शिवलेल्या, पाठीला कापड. उघडली की टेबलावर सपाट पडते. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या वह्यांना हे जमत नाही, जोर दिला की पानं सुटतात.

लहानपणी मे महिन्यात आम्हीही जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून दाभणाने शिवायचो. पुठ्ठ्याला खळ, आणि कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. त्या वहीवर पहिल्याच दिवशी शाईचा डाग पडायचा!

आता वही इतकी देखणी की लिहायचीच भीती. माझं स्पष्ट मत आहे, 'काहीतरी चांगलं लिहू' म्हणून वही ठेवू नये. आमच्या कपाटात अशी एक आहेच. हिला आईच्या ओव्या उतरवायच्या होत्या, पण "माझं अक्षर कुठे चांगलंय?" म्हणत राहून गेलं. आज दोघीही नाहीत.

म्हणून मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर दुधाचा हिशोब लिहिला. नात चिडली. दुसऱ्या पानावर मला आठवतात त्या दोन ओव्या आहेत. एकीची शेवटची ओळ काही सापडत नाही.