वेरूळचा पाहुणा हुरड्याला थांबवा



वेरूळची 34 लेणी पाहायला आलेला माणूस घृष्णेश्वराचे दर्शन घेतो, खुलताबादला भद्रा मारुतीपुढे नारळ फोडतो, दौलताबादचा किल्ला चढतो आणि दिवेलागणीला शहरात परततो. त्याची गाडी आपल्या बांधावरूनच जाते. आपल्या पदरात पडतो तो धुरळा! फार तर सीताफळांची एक पाटी खपते, तीही घासाघीस करून.

हा पाहुणा शेतावर थांबवता येईल. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले. एक एकर जमीन असली तरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. मात्र लगेच कर्ज काढून सिमेंटच्या खोल्या बांधू नका. सुरुवात हुरड्यापासून करा.

परभणी कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हा ज्वारीचा वाण हुरड्यासाठीच आहे. पण सगळे रान एकदम पेरू नका. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन पट्टे पेरा. दाणा चिकात फार थोडे दिवस राहतो. एकदा टणक झाला की आगटीत भाजून उपयोग नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. ताटाचा भाव ठरवताना घरच्या बाईची मजुरी आधी धरा. ती फुकट धरली की हिशेब खोटा पडतो, आणि बहुतेक घरांत तेच होते.

विहिरीला कठडा हवा, संडास स्वच्छ हवा. फवारलेल्या रानात पाहुण्यांची मुले सोडू नका.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे पाहुण्याला फोनवरच सांगा. तरीही त्याच दिवशी आला, तर सकाळी किल्ल्यावर पाठवा आणि दुपारी आगटी पेटवा.