शोकांतिकेतले आई-बाप

रोमिओ-ज्युलिएट असो, लैला-मजनू असो की आपला मराठी ‘सैराट’, या कथा सांगताना आपण त्या दोघांबद्दलच बोलतो. कुणी नशिबाला दोष देतं, कुणी वयाला. आई-वडिलांचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

शेक्सपिअरच्या आधी, १५६२ मध्ये, आर्थर ब्रुकने रोमिओ-ज्युलिएटची कथा इंग्रजी काव्यात लिहिली. प्रस्तावनेत त्याने दोष त्या दोघांवर टाकला, कारण त्यांनी वडीलधाऱ्यांचा सल्ला मानला नाही. शेक्सपिअरने त्याच काव्यावरून नाटक लिहिलं, पण आई-बापांना इतक्या सहज सोडलं नाही. ज्युलिएट चौदा वर्षांचीही नाही. सुरुवातीला तिचा बाप कॅप्युलेट पॅरिसला सांगतो की आधी मुलीचं मन जिंक, तिची पसंती असेल तरच माझा होकार. पुढे घरात मृत्यू होतो आणि तोच बाप मुलीला न विचारता गुरुवारचं लग्न ठरवतो. तिने गुपचूप रोमिओशी लग्न केलंय हे त्याला माहीत नाही. ती नाही म्हणताच तो तिला रस्त्यावर काढायची धमकी देतो. आई तोंड फिरवते. जिने लहानाची मोठी केली ती दाईसुद्धा पॅरिसचंच नाव घेते. मग त्या पोरीला उरतो एक पाद्री आणि त्याची औषधाची कुपी. पाद्र्याचं पत्र वेळेवर पोहोचलं नाही म्हणून घात झाला, असं म्हणतात. घरात बोलायची सोय असती तर त्या पत्राची वेळच आली नसती.

निजामीच्या ‘लैला-मजनू’त (११८८) कैसचे वडील रीतसर मागणी घालायला जातात. लैलाचे वडील नकार देतात, कारण वेडा जावई केला तर लोक काय म्हणतील? ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची स्वतःहून आईशी फोनवर बोलते, तुटलेलं नातं जोडू पाहते. त्यानंतर माहेरच्या भेटवस्तू घेऊन भाऊ येतो आणि दोघांचा खून होतो. तिन्ही कथांत मुलांच्या सुखापेक्षा घराण्याची इज्जत मोठी ठरली.

आमच्या चऱ्होलीला लागूनच आळंदी आहे. घरच्यांपासून लपून लग्न करायला तिथल्या मंगल कार्यालयांत लांबलांबून जोडपी येतात. लोक त्यावर हसतात किंवा मुलांना नावं ठेवतात. पण ज्या मुलांना घरी तोंड उघडता येत नाही, ती आणखी कुठे जाणार?

आपल्या मुस्लिम घरांत तरी वेगळं काय घडतं? मुलीबद्दल काही कानावर आलं की आधी मोबाईल काढून घेतात, मग कॉलेज बंद, मग घाईघाईने निकाह. आणि हे सगळं दीनच्या नावाने! सहीह बुखारीत खन्सा बिन्त खिदाम (र.) यांची घटना आहे. वडिलांनी मर्जीविरुद्ध निकाह लावला म्हणून त्या रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरवण्यात आला. त्या पूर्वविवाहित होत्या. पण कुमारिकेचीही परवानगी घ्यावी, असं हदीसमध्ये स्पष्ट आहे. वली असणं ही अमानत आहे, मालकी नव्हे.

मुलांचंही चुकतं. रोमिओ-ज्युलिएट भेटीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न करतात, आणि सगळं नाटक पाचेक दिवसांत संपतं. अशा घाईला आवर घालायला, मुलगा कसा आहे, कमावतो का, हे विचारायला घरातलं मोठं माणूस हवंच. आई-वडिलांना नकार देण्याचाही हक्क आहे. पण नकारानंतरही मुलगी आपल्याजवळ बसून रडू शकेल, इतकी जागा ठेवायला हवी. ती नसली की सल्ला द्यायला बाहेरचं कुणीतरी उभं राहतं, आणि त्याचा सल्ला कसा असेल हे आपल्या हातात नसतं.

नाटकाच्या शेवटी दोन्ही बाप हात मिळवतात आणि मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचं ठरवतात. तेवढी समजूत मुलं जिवंत असताना दाखवली असती तर दोन्ही घरं वाचली असती. आपल्या घरात वयात आलेली मुलं असतील, तर हा हिशेब आपणही आजच करावा.