विद्यापीठाचे ऋण शहराने ओळखावे

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणताना हे घर कोणी उभे केले, याचा विसर पडू नये. बांधकाम खात्याला माणसे घडवून देण्यासाठी १८५४ मध्ये निघालेल्या शाळेचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८८५ मध्ये फर्ग्युसन आले, १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापले आणि १९४९ मध्ये गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी पुणे विद्यापीठ सुरू झाले. या संस्थांभोवती खानावळी, वसतिगृहे, छापखाने वाढले. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांवर कितीतरी पिढ्यांच्या परीक्षा निभावल्या.

शहर वाढले ते छावणी आणि कारखान्यांमुळे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. जमीन, पाणी आणि मुंबईचे सान्निध्य यांमुळेच उद्योग इकडे वळले. पण छावणी अहमदनगरलाही होती. पुण्याच्या उद्योगांना अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि पुढे संगणकतज्ज्ञ हाताशी मिळाले, हे बळ शिक्षणसंस्थांचे. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पाणी, रस्ते, घरे यांवर ताण पडतो, हेही खरे. मात्र त्यांच्या भाड्यावर आणि डब्यावर असंख्य घरांच्या चुली पेटतात. म्हणून परवडणारी वसतिगृहे, रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिका आणि सुरक्षित बससेवा यांना विकास आराखड्यात हक्काची जागा हवी. ते उपकार नव्हेत, जुन्या ऋणाची परतफेड आहे.