ढिगानं मिळणारी सम्राज्ञी



बँकेत छत्तीस वर्षं नाणी मोजली, पण नाणं वाचायला शिकलो ते निवृत्त झाल्यावर. लेक लंडनला असते. तिच्याकडे गेलो की जुन्या नाण्यांच्या दुकानात माझी एक फेरी ठरलेली. तिथे मी रोमन सम्राज्ञींची नाणी बघतो, आणि त्यातही थोरल्या फाउस्टिनाची. सम्राट अँटोनायनस पायसची ही बायको.

छंदातले मित्र म्हणतात, "अहो, ही तर ढिगानं मिळतात. दुर्मिळ घ्या, भाव वाढेल!" मी कॉमर्सवाला. माल जास्त की भाव कमी, हे मला काय सांगता? पण माल एवढा का आहे, तेही बघा ना.

फाउस्टिना इ. स. १४० च्या सुमारास वारली. नवरा पुढे १६१ पर्यंत गादीवर होता, आणि तिची नाणी पाडतच राहिला. तिच्या हयातीतली नाणी थोडी, गेल्यानंतरचीच फार. त्यांवर 'दिवा फाउस्टिना' असं असतं. दिवा म्हणजे देवत्व पावलेली. आपल्या 'देवी'शी नातं सांगणाराच शब्द. कित्येकांच्या मागच्या बाजूला 'एटर्निटास', म्हणजे चिरंतनता. गरीब मुलींच्या पालनपोषणासाठी त्यानं तिच्या नावे सोय केली, त्याचंही नाणं निघालं. यात राजघराण्याचा मोठेपणा मिरवणं होतंच, नाही कशाला म्हणू? पण वीस वर्षं नुसत्या मिरवण्यासाठी कोणी एकच चेहरा छापत बसत नाही, असं माझं मत.

आम्हा इंदूरकरांची रीत वेगळी. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वरला पडलेल्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपान आहे, त्यांचा चेहरा नाही. ती निष्ठा मोठीच. पण चेहरा नसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझी आई मी आठ वर्षांचा असताना गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. तिचा अंबाडा आठवतो, चेहरा आठवत नाही. फाउस्टिनाचे केसही वेण्या घालून डोक्यावर अंबाड्यासारखे बांधलेले. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या परक्या बाईची वेणी मी भिंगातून मोजू शकतो!

म्हणून नव्यानं या छंदात येणाऱ्यांना सांगतो, बाजारभावामागे धावू नका. तीन-सव्वातीन ग्रॅमची चांदी, थोडी झिजलेली असली तरी चालेल. पक्कं बिल घ्या. आणि चिंच लावून घासू नका; मी एक नाणं तसं घासून त्याची कळा घालवलीय. माझी नाणी लेकीकडेच असतात. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं एकदा इथे आलं की मला परत बाहेर नेता येणार नाही.

आणि हो, घरातल्या जुन्या फोटोंमागे आजच पेन्सिलीनं नावं लिहा. आपल्या बायकांसाठी कोणी टांकसाळ चालवत नाही.